बोल्टावरची पिवळी रेघ

१

गाडी सुरू झाली, एक श्वास चालली आणि मेली.

नर्सबाईंनी किल्ली फिरवली तेव्हा शेडच्या पत्र्यातल्या भोकांमधून उन्हाचे बारीक कवडसे बोनेटवर पडले होते. इंजिन आधी छान गुरगुरलं, नुकत्याच उठलेल्या मांजरासारखं. उस्तादांच्या चेहऱ्यावर हसू फुटणार तेवढ्यात आत कुणीतरी भांड्यांचं कपाट आडवं पाडावं तसा आवाज झाला. मग सगळं शांत. कवडसे जागच्या जागी होते. धूळ तेवढी त्यांच्यात सावकाश फिरत राहिली.

"बंद करा," उस्ताद म्हणाले. इंजिन आधीच बंद पडलं होतं.

आदल्या दिवशीच उस्तादांनी त्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला होता. हा एक दातेरी रबरी पट्टा. खाली पिस्टन हलवणारा क्रँक आणि वर व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅम, या दोघांना तो एका तालात बांधून ठेवतो. ताल चुकला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि इंजिनाचं पोट फाटतं. पट्ट्याबरोबर उस्तादांनी त्याला ताण देणारा टेन्शनर बदलला होता, वॉटर पंप बदलला होता, सीलं बदलली होती. एकदा उघडलंच आहे तर सगळं नवं घालून टाकू, अशी त्यांची रीत.

त्यांनी झाकण काढलं. पट्टा सैल लोंबत होता. क्रँक आणि कॅमवरच्या जुळवणीच्या खुणा एकमेकींपासून सरकल्या होत्या. उस्तादांनी एका बोटाने पट्टा वर उचलला, सोडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टेन्शनरचा बोल्ट राहिला माझ्याकडून," ते म्हणाले. त्यांनी थरथरणारा उजवा हात खिशात घातला. "बाई, तुमची गाडी मी उभी करून देतो. ती शेवटची. त्यानंतर पुरे. शेडचा हा भाग शेजारच्या पेंटरलाच देऊन टाकतो."

कोपऱ्यात एका जुन्या गाडीची काढून ठेवलेली मागची सीट होती. तिच्यावर उस्तादांची मोठी बहीण बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. भावाला तिने रागावताना ऐकलं होतं, रडताना ऐकलं होतं, पण 'पुरे' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

"छोट्या," ती म्हणाली, "बोल्टला पाना लावून बघितलास का?"

कुणालाच ऐकू गेलं नाही. नर्सबाई डोळे पुसत होत्या, पेंटर च्‌च्‌ करत होता आणि उस्ताद पाठ वाकवून बाहेर चालले होते. त्यांच्या मागोमाग सगळेच बाहेर पडले.

अक्का उठली. बाकावरचा पाना तिने घेतला, शाल खांद्यावरून मागे टाकली आणि गाडीत वाकून तो बोल्टावर चढवला. आधी हलकेच ढकललं. मग जोर लावला. मग ओठ आवळून सगळा भार टाकला.

बोल्ट तसूभरही हलला नाही. तो दगडासारखा घट्ट होता.

२

अक्का भूमिती शिकवायची. तिचा आवाज इतका बारीक की वर्गात ती 'शांत बसा' म्हणाली तर मुलांना ते घंटा झाल्यावर कळायचं. मुलांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचंसुद्धा. नोकरी संपल्यावर तिने दुपारचा मुक्काम भावाच्या शेडमध्ये हलवला. हातात रहस्यकथेचं पुस्तक, पायाशी पंखा आणि डोळ्यांवर झापड. पुस्तकातला खुनी तिला एकदाही ओळखता आला नव्हता. तिला नेहमी जो बिचारा वाटायचा तोच खुनी निघायचा.

म्हणून बोल्ट घट्ट आहे हे कळल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने वाचायची काच काढली आणि पुन्हा वाकली.

उस्तादांची एक सवय होती. बोल्ट शेवटचा घट्ट झाला की ते बारीक कुंचल्याने त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी एक पिवळी रेघ ओढत. रेघ अखंड असेल तर बोल्ट हललेला नाही. या बोल्टावरही रेघ होती. पण ती तुटली होती. डोक्यावरचा तुकडा एकीकडे आणि धातूवरचा दुसरीकडे, भांडून वेगळ्या झालेल्या भावांसारखे.

म्हणजे छोट्याने बोल्ट घट्ट केला होता, रेघही मारली होती. त्यानंतर कुणीतरी तो सोडवला आणि पुन्हा घट्ट केला.

ती जवळजवळ धावतच घरी गेली. घर शेडच्या मागेच होतं. उस्ताद खिडकीशी बसले होते.

"छोट्या, बोल्ट घट्ट आहे! रेघ तुटलीय!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग मीच सोडवला असेन. पुन्हा आवळला असेन. आणि विसरलो असेन. अक्का, तेच तर सांगतोय मी. हातही गेला आणि डोकंही गेलं."

"अरे पण..."

"तू पुस्तकं वाचतेस ना, तसलं काही नाही हे. इथे खुनी म्हातारपण आहे. जा, बस तुझ्या सीटवर."

ती परत येऊन सीटवर बसली. असं वाटलं, आपण काही बोललो तर भाऊ तेही स्वतःच्या माथी मारून घेईल. त्याला पुरावा देऊन भागणार नव्हतं, माणूस द्यायला हवा होता. काल दुपारी उस्ताद पट्टा बसवून, झाकणं न लावता, पडायला घरी गेले होते. झाकणं ते नेहमी दुसऱ्या दिवशी लावत, काम रात्रभर मुरू देत. म्हणजे जे झालं ते त्या दुपारी, या शेडमध्ये.

आणि त्या दुपारी या शेडमध्ये, या सीटवर, पुस्तक छातीवर ठेवून कोण झोपलं होतं? ती स्वतः. जगातली पहिली गुप्तहेर, जिच्यासमोर गुन्हा घडला आणि ती घोरत होती.

तिने डोळे मिटले. कालचं स्वप्न तिला आठवलं. एका मोठ्या रिकाम्या खोलीत भिंतभर घड्याळ होतं आणि कुणीतरी त्याला किल्ली देत होतं. टिर्र, टिर्र. इतकं हळू, की घड्याळाला जाग येऊ नये. खोलीत गार वारा सुटला होता.

अक्काने डोळे उघडले. गार वारा! ती झोपली तेव्हा पंख्याचं तोंड भिंतीकडे होतं. उठली तेव्हा ते तिच्याकडे होतं.

३

पेंटर शेडच्या दुसऱ्या भागात एका दरवाजावर पॉलिशचा कागद घासत होता. त्याच्या भुवयांवर निळा रंग उडालेला होता, त्यामुळे तो कायम आश्चर्यात बुडाल्यासारखा दिसायचा.

"बसा अक्का. हं, सांगा, मी केलं की नाही केलं?" तो हसला. "मला शेड हवीय हे खरंय. सगळ्या गल्लीला माहितीय. पण मला उस्ताद हवेत, नाहीतर माझ्याकडे रंगाला गाड्या येतील कशाला? त्यांच्या नावावर तर येतात."

"काल दुपारी तू इथे होतास?"

"होतो की. मास्क लावून, कानात कापूस घालून. कॉम्प्रेसर चालू होता. बोनेटमधून बॉम्ब काढला असता तरी मला कळलं नसतं. नर्सबाईंचा दीर आला होता, तो दिसला. गाडीच्या नाकासमोर उभा होता, सासुरवाडीला आल्यासारखा."

"आणि चिमी?"

चिमी म्हणजे उस्तादांची मुलगी. चाळिशीची होती, पण नाव तेच राहिलं होतं. कितीतरी वर्षं दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करून ती गेल्या वर्षी वडिलांकडे परत आली होती.

"तुमची डावखुऱ्या इंजिनांची डॉक्टर?" पेंटरने मान उडवली. "कूलंट आणायला गेली होती म्हणे. आली तेव्हा मी हात धूत होतो."

"डावखुरी म्हणजे?"

"तिच्या त्या कंपनीची जुनी इंजिनं उलटी फिरतात ना! सगळ्या जगाची एकीकडे, त्यांची भलतीकडे. मी चिडवतो तिला, तुझी घड्याळंही मागे चालत असतील म्हणून. पाना फेकते अंगावर."

अक्काही हसली. मग आठवण झाल्यासारखं करून म्हणाली, "आणि पंखा तू वळवलास का रे माझ्याकडे?"

"पंखा?" पेंटरने कागद खाली ठेवला. "ओल्या रंगावर वारा आला तर धूळ बसते, अक्का. मी पंख्याला हात लावला तर भिंतीकडे करायलाच लावतो. काल सकाळी मीच तो भिंतीकडे केला होता."

नर्सबाईंचा दीर संध्याकाळी गाडीतलं सामान न्यायला आला. नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं त्याहून इस्त्रीचं.

"मावशी, मी स्पष्टच सांगतो. वहिनींनी एवढ्या लांबच्या दवाखान्यात बदली घेऊ नये, असं माझं मत आहे. दादा गेल्यानंतर आम्हाला त्या जवळ हव्यात. मी काल उस्तादांना सांगायला आलो होतो की गाडी जरा रेंगाळत ठेवा."

"मग?"

"उस्ताद नव्हतेच. तुम्ही होतात. तुम्ही..." तो अडखळला.

"घोरत होते. बोला, बोला."

"हो. मी बोनेटमध्ये डोकावलो, शर्टाला काळं लागलं, निघून गेलो. त्यातला एकही भाग मला ओळखता येत नाही. एक सांगतो, इथे भयंकर उकडत होतं. पंखा भिंतीला वारा घालत होता. मला वाटलं वळवावा, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये कशाला हात लावा?"

तो गेल्यावर अक्का बराच वेळ पंख्याकडे बघत बसली. पेंटरने तो वळवला नाही. दीर आला तेव्हा तो अजून भिंतीकडेच होता. म्हणजे दीर गेल्यावर आणि ती जागी व्हायच्या आत तिसरं कुणीतरी आलं. म्हातारीला उकडतंय हे त्याने पाहिलं, पंखा वळवला आणि मग, तिची झोप मोडू नये इतक्या हळू हाताने, तिच्या भावाचं काम उलटंपालटं केलं.

४

दुसऱ्या दिवशी ती भावाजवळ जाऊन बसली. उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"छोट्या, एक शिकव मला. टेन्शनर कसा लावतात रे?"

कितीही दुःखात असला तरी या प्रश्नावर त्याला गप्प बसवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"बोल्ट जरा ढिला ठेवायचा," ते भिंतीलाच सांगू लागले. "टेन्शनरला स्प्रिंग असते. मग क्रँकला पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवायचं, ते धावतं त्याच दिशेने. घड्याळाच्या काट्यासारखं. म्हणजे पट्ट्याची एक बाजू ताणली जाते आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला येते. स्प्रिंग ती ढील खाते. मग बोल्ट आवळायचा. झालं."

"आणि उलटं फिरवलं तर?"

"तर ढील पलीकडच्या बाजूला जाऊन लपते. टेन्शनरच्या बाजूला पट्टा तारेसारखा लागतो. तुम्ही खूश होऊन बोल्ट आवळता. खुणाही जुळलेल्या दिसतात. इंजिन सुरू झालं की ती लपलेली ढील बाहेर येते आणि पट्टा दात सोडतो." ते थांबले. "पण उलटं कोण फिरवेल, अक्का? शिकाऊसुद्धा नाही फिरवत." आणि लगेच, खोल आवाजात, "फिरवलं असेल मीच. माझा काय भरवसा."

अक्काला बोलावंसं वाटलं. पण द्यायला माणूस अजून सापडला नव्हता.

ती बाहेर ओट्यावर येऊन बसली. दुपार डुलक्या घेत होती. समोरच्या दोन इमारतींच्या मध्ये, गल्लीच्या डोक्यावर, कपडे वाळवायची दोरी होती, दोन चाकांवरून फिरणारी, टोकं जोडलेली. वरच्या खिडकीतली बाई एकेक चादर अडकवायची आणि दोरी ओढायची. चादर हवेत पुढे जायची, जशी पांढरी होडी. अक्काचे डोळे जड झाले. बाईने दोरी एका बाजूने ओढली की वरची दोरी ताठ आणि खालची झोका खायची. उलटी ओढली की खालची ताठ आणि वरची सैल पडून चादरी डोक्यावर आल्यासारख्या उतरायच्या. दोरी तेवढीच. ढील तेवढीच. फक्त ती राहायला कुठे जाते ते हातावर होतं.

ढील कुठे गेली ते सांगतं हात कुठल्या बाजूला फिरला, अक्का अर्धवट झोपेत म्हणाली. फळ्यावर सिद्धता मांडायची तशी ती मनात मांडू लागली.

बोल्ट घट्ट होता. ज्याला नुकसान करायचं असतं तो बोल्ट सैल सोडून जातो. शत्रू कधी बोल्ट आवळत नाही. म्हणजे हे ज्याने केलं त्याला काम नीट व्हायला हवं होतं.

बोल्ट सोडवून, इंजिन फिरवून, पुन्हा आवळायचा असतो हे त्याला माहीत होतं. म्हणजे पेंटर नाही, दीर नाही.

बोल्ट घट्ट असूनही पट्टा सैल सुटला, म्हणजे ढील पलीकडे लपली होती, म्हणजे त्याने इंजिन उलटं फिरवलं. म्हणजे छोट्याही नाही. त्याचा हात झोपेतसुद्धा सुलट फिरेल.

मग उरतं असं माणूस, ज्याला काम येतं, ज्याला छोट्याचं भलं हवंय, आणि ज्याच्या हाताला वर्षानुवर्षं दुसऱ्याच दिशेची सवय लागलीय.

अक्का खडबडून जागी झाली. वर चादरी फडफडत होत्या. पुस्तकात जो बिचारा वाटतो तोच निघतो, हे आयुष्यात पहिल्यांदा तिला आधी कळलं होतं. आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

ती शेडमध्ये गेली. चिमी एकटीच होती, वाकून इंजिनाचं डोकं, म्हणजे व्हॉल्व्हांचा वरचा भाग, खोलत होती. अक्का तिच्या मागे उभी राहिली.

"परवा पंखा माझ्याकडे वळवलास चिमे," ती म्हणाली. "फार बरं वाटलं."

चिमीचा हात पान्यावरच थांबला.

५

"आत्या, तू झोपली होतीस."

"झोपलेच होते. म्हणून तर इतका वेळ लागला."

चिमी वळली नाही. बोनेटच्या कडेला दोन्ही हात टेकवून उभी राहिली. शेडमध्ये पॉलिशचा गोडसर वास होता आणि बाहेर कुणाची तरी सायकल घरंगळत गेल्याचा आवाज.

"बाबा पडायला गेले की मी येते," ती म्हणाली. "रोज. त्यांनी केलेलं सगळं बघते. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी. तू त्यांचा हात बघितलास ना जेवताना? चमचा तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडतो. मी आले त्याच दिवशी ठरवलं, यांना काही बोलायचं नाही, फक्त मागून बघून घ्यायचं. एखादा ब्रेक सैल राहिला आणि कुणाचं काही झालं तर हे जगतील का?"

"आणि काय काय सापडलं?"

"काही नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. म्हणून तर भीती वाढतच गेली. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा." तिने नाक ओढलं. "त्या दिवशी पहिल्यांदा पट्टा अंगठ्याला मऊ लागला. मला वाटलं, आला तो दिवस. बाबा उठायच्या आत करून टाकावं म्हणून घाईघाईत बोल्ट सोडवला, फिरवलं, आवळला. दाबून बघितलं, तारेसारखा. मी खूश होऊन कूलंट आणायला गेले."

"अंगठा कुठे दाबलास?"

चिमीने हात पुढे केला, बाकावर पडलेला तो पट्टा दोन चाकांच्या मध्ये धरावा तसा धरला. "इथे. टेन्शनरच्या..." तिचं बोट तसंच हवेत राहिलं. "या गाडीत ही ढील खाणारी बाजू. ती मऊच असणार. आमच्या इंजिनांत टेन्शनर वेगळीकडे, फिरणं वेगळं..." ती मडगार्डला टेकून खाली बसली. "बाबांनी बरोबर लावला होता."

"हो."

"मला माहीत होतं, आत्या. काल सकाळी आवाज झाला तेव्हाच. नाही, माहीत नव्हतं. माहीत होऊ नये म्हणून मी त्या बोल्टाकडे बघितलंच नाही."

अक्का तिच्याजवळ जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले.

"मी सांगते त्यांना," चिमी म्हणाली, "की इंजिन मी बिघडवलं. पण तपासायला आले होते हे नको सांगूया. सहज हात लावला म्हणेन."

"सहज कुणी टेन्शनर सोडवतं का गं? अर्धं सांगितलंस तर उरलेलं अर्धं तो स्वतःच्या माथी मारून घेईल. सध्या त्याचा तोच धंदा आहे."

"आणि पूर्ण सांगितलं तर? पोरगी वर्षभर पाठीमागून आपले बोल्ट चाचपत होती, हे ऐकून ते पुन्हा पाना धरतील? उलट तेव्हाच कायमचा ठेवतील."

सिद्धता पूर्ण झाली होती आणि खाली लिहायला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारातून उस्तादांचा आवाज आला.

"काय पाठीमागून चाचपत होती?"

६

ते दारात उभे होते. हातात तेलाचा डबा आणि फडकं. पाने पुसून, तेल लावून, कायमचे गुंडाळून ठेवायला आले होते.

चिमी उठली आणि सगळं बोलली. थांबत, अडखळत, पण सगळं. पंखा, पट्टा, उलटा फिरलेला हात. उस्ताद ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी डबा बाकावर ठेवला.

"कधीपासून बघतेस?"

"आल्यापासून."

"सगळी कामं?"

"सगळी."

"ब्रेकसुद्धा?"

"ब्रेक आधी, बाबा."

उस्तादांनी तिच्याकडे पाठ केली. "चांगलंय. सगळ्या गल्लीचा माझ्या हातावर भरवसा. घरातच नाही."

ते बाहेर निघाले. दारापर्यंत पोचले. आता हे गेले की परत यायचे नाहीत, हे अक्काला स्वच्छ दिसलं, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की पलीकडे पेंटरने कॉम्प्रेसर बंद केला.

"छोट्या! थांब!"

उस्ताद दचकून थांबले. बहिणीचा हा आवाज त्यांनी सत्तर वर्षांत ऐकला नव्हता. तिनेही नव्हता.

"वर्षभर ती तुझ्या मागे मागे हिंडतेय, चूक शोधायला. कंपनीत शिकलेली, डोळ्यांत तेल घातलेली. तिला एक बोल्ट सैल सापडला नाही. एक! मी जन्मभर शिकवलं, माझ्या मागून कुणी इतकं तपासलं असतं तर फळा पुसून मला घरी पाठवलं असतं. तुला काय हवंय आणखी?"



"पोरीला बापाच्या हाताचा भरवसा नाही," उस्ताद पुन्हा म्हणाले, पण आता जरा हळू.

"नव्हता," चिमी म्हणाली.

"आणि आता?"

"आता माझ्या हाताचा नाही."

उस्तादांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. उघड्या इंजिनात वाकडे झालेले व्हॉल्व्ह उन्हात चकाकत होते. हे दृश्य त्यांना सोसवत नसे. कुठलंही इंजिन असं आडवं पडलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

"ती सीलं कुठे टाकलीस? आणि डोकं असं उघड्यावर ठेवतात? धूळ बसतेय त्यावर. कंपनीत हेच शिकवलं का?" ते परत आत आले. "सरक."

नर्सबाईंना त्यांनी स्वतः सांगितलं, माझ्या शेडमध्ये चूक झाली म्हणजे ती माझी. मुलीचं नाव घेतलं नाही. ते चिमीने लगेच पुढे होऊन स्वतःच घेतलं. नर्सबाई दोघांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला गाडी द्या म्हणजे झालं. दिरापुढे हरायचं नाहीये मला."

नवे व्हॉल्व्ह आले, नवा पट्टा आला. चिमी समोर उभी राहून वडिलांना हत्यारं देत होती. वर्षभरात तिने त्यांचं संपलेलं कामच पाहिलं होतं. ते चालू असताना जवळ उभी राहायची तिची छाती झाली नव्हती. उस्तादांचा हात बोल्टाकडे जाताना वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. तिने श्वास रोखला. पाना बोल्टावर बसला, त्याच्यावर भार आला, आणि हात थांबला. शांत झाला, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा. काम करत राहिला. पाना सुटला की पुन्हा थरथर.

तिने आत्याकडे पाहिलं. अक्काने हे कधीपासून पाहिलेलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

पट्टा चढला. टेन्शनरचा बोल्ट ढिला होता. आता इंजिन फिरवून तो आवळायचा, एवढंच राहिलं होतं. नर्सबाई आल्या होत्या, दीरही आला होता, पेंटर मास्क गळ्यात अडकवून बघायला उभा होता. उस्ताद सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चिमे, हे तू कर."

"मी?"

"आणि मी केलंय तेही सगळं बघ, पहिल्यापासून. माझ्या मागून नको. आत्ता, इथे."

तिने एकेक बोल्ट बघितला. मग क्रँकला रॅचेटचा पाना लावला आणि तिचा हात अडला. पेंटरने तोंड उघडलं, अक्काने त्याचा दंड धरला. चिमीने वडिलांकडे पाहिलं.

उस्ताद तिच्याकडे बघत नव्हते. ते दाराकडे निघाले होते. तिथे कुणाची तरी धुळीने माखलेली गाडी केव्हाची ताटकळत होती. तिचं बोनेट त्यांनी उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडले,

"झालं की हाक मार. मला इथे काम आहे."